दातातले सिमेंट आणि दातातली जान

गेल्या महिन्यात एक बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाची खालची दाढ किडली होती आणि खड्डा बराच खोल गेला होता. कीड साफ झाल्यावर माझी मदतनीस भुकटी आणि द्रव एकत्र कालवू लागली. ते पाहून मुलाच्या अम्मी म्हणाल्या, "डॉक्टर, हे सिमेंट म्हणजे आमच्या यांच्या कामावरचंच का? ते गवंडीकाम करतात. ओल्या सिमेंटनं त्यांच्या हाताची कातडी सोलून निघते. पोराच्या दाताला काही होणार नाही ना?"

मदतनीस हसली, पण मला हसू आले नाही. हा प्रश्न दरेक आईने विचारायला हवा. त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन काम पुरे केले. आता सविस्तर सांगते.

दात वरून दगडासारखा दिसतो, पण आतून तो जिवंत असतो. वरच्या पांढऱ्या कवचाला संवेदना नसते. त्याखालच्या थरात मात्र अतिशय बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो. या नळ्या आतल्या मऊ भागापर्यंत जातात. त्या भागात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात आणि नवा थर तयार करणाऱ्या पेशीही असतात. आपण त्यालाच दाताची नस म्हणतो. कीड खोल गेली की सिमेंट आणि नस यांच्यामध्ये कधी कधी अर्ध्या मिलिमीटरचाही पडदा उरत नाही. म्हणून सिमेंट नुसते मजबूत असून भागत नाही, त्याच्या शेजारी जिवंत पेशींना राहता आले पाहिजे.

दातांची जुनी सिमेंटे फॉस्फोरिक आम्लात कालवली जात. झिंक फॉस्फेट आणि सिलिकेट ही त्यातली प्रसिद्ध नावे. सिलिकेट भरलेल्या दाताची नस पुष्कळदा मरत असे. आम्लाने नस जळते, असे डॉक्टर अनेक वर्षे मानत आले. पटण्यासारखीच गोष्ट होती, पण गुन्हेगार दुसराच निघाला.

१९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या दाढांना भोक पाडून त्यांनी नस उघडी केली आणि दाढ तशीच ठेवली, वर काहीही भरले नाही. काही उंदीर नेहमीसारखे वाढलेले होते. काही मात्र जन्मापासून संपूर्ण जंतुविरहित पेटीत वाढवलेले होते. नेहमीच्या उंदरांची नस सडून मेली. जंतुविरहित उंदरांच्या दाढांत अन्न जाऊन अडकत होते, तरीही काही आठवड्यांत उघड्या नसेवर नवा कठीण थर तयार झाला. नसेला मारणारे खरे कारण जंतू होते.

मग आम्लाचे काय? १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माकडांच्या उघड्या नसेवर थेट सिलिकेट आणि झिंक फॉस्फेट ठेवले गेले. फरक एवढाच की काही दातांत वरून दुसऱ्या सिमेंटने तोंड घट्ट बंद केले होते. अशा बंद दातांत नस भरून येत होती. म्हणजे बदनाम झालेल्या सिमेंटांचा मोठा दोष त्यांच्या कडेने राहणाऱ्या फटीत होता. त्या फटीतून जंतू आत शिरत आणि आळ मात्र सिमेंटवर येई.

आज नवे सिमेंट तपासताना या चुकीतून मिळालेला धडा लक्षात ठेवतात. दंतसाहित्याच्या जैविक तपासणीसाठी आयएसओ ७४०५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तपासणी पायरीपायरीने होते.

पहिली पायरी काचेच्या बशीत. एल-९२९ नावाच्या, उंदराच्या ऊतीपासून वाढवलेल्या पेशी यासाठी सर्रास वापरल्या जातात. सिमेंटचा अर्क त्यांच्यावर सोडतात आणि नंतर एमटीटी नावाचे पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. मेलेल्या पेशींना ते जमत नाही. जांभळेपणा मोजून किती पेशी वाचल्या याचा अंदाज घेतात. सत्तर टक्क्यांपेक्षा कमी वाचल्या तर तो पदार्थ पेशींना घातक समजला जातो.

पण बशीतला निकाल म्हणजे अखेरचा निकाल नव्हे. याचे उत्तम उदाहरण आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे. लवंगेच्या तेलातला मुख्य घटक युजेनॉल. झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून केलेले सिमेंट बशीत पेशी मारते. तेच सिमेंट दातात, मधला पडदा शाबूत असताना भरले तर दुखणे शांत करते, कारण नळ्यांमधून अगदी थोडेच युजेनॉल आत झिरपते. म्हणून आता काही चाचण्यांत सिमेंट आणि पेशी यांच्यामध्ये खऱ्या दाताची पातळ चकती ठेवतात.

दुसऱ्या पायरीवर प्राण्यांच्या शरीरात पदार्थ ठेवून सूज येते का, ॲलर्जी होते का ते पाहतात. तिसरी पायरी प्रत्यक्ष दातांची, आधी प्राण्यांच्या आणि मग माणसांच्या. तारा बसवण्यासाठी जे दात नाहीतरी काढायचे असतात, ते रुग्णाच्या आणि पालकांच्या संमतीने आधी भरतात. काही आठवड्यांनी ते काढतात, त्यांचे पातळ काप करतात आणि नसेला काय झाले ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ज्यांनी आपले दात असे तपासायला दिले, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

एका जागी निर्धोक ठरलेला पदार्थ दुसऱ्या जागी निर्धोक असेलच असेही नाही. ग्लास आयोनोमर हे १९७० च्या दशकात इंग्लंडमधून आलेले सिमेंट आज गावोगावी दातांत भरले जाते आणि दातांना ते चांगले मानवते. १९९० च्या दशकात युरोपात याच जातीचे सिमेंट कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रियेत वापरले गेले. मेंदूभोवतीच्या द्रवाशी त्याचा संबंध आला, त्यातले ॲल्युमिनियम मेंदूपर्यंत पोहोचले आणि काही रुग्णांना मेंदूचा गंभीर आजार झाला. म्हणून "हे सिमेंट चांगले का?" एवढे विचारून पुरत नाही. कुठे, किती आणि कशाला लागून, हेही पाहावे लागते.

आता त्या अम्मींच्या प्रश्नाकडे येते. त्यांच्या मुलाच्या दातात भरलेले सिमेंट बांधकामाचे नव्हते. पण बांधकामाच्या सिमेंटचा एक जवळचा नातेवाईक दातांत वापरला जातो, हे ऐकून त्यांना नवल वाटेल. त्याचे नाव एमटीए. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात डॉ. महमूद तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी ते पुढे आणले. १९९३ साली त्यावरचा पहिला लेख आला. त्याचा मुख्य भाग पोर्टलंड सिमेंट, आणि क्ष-किरणात दिसावे म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत माकडांच्या सहा दातांची उघडी नस त्याने झाकली होती. सहाही दातांत नसेवर नवा थर आला. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापराला मंजुरी मिळाली.

गवंड्याचा हात सोलणारा तीव्र क्षार एमटीएमध्येही असतो. पण दिवसभर हाताला लागणारे ओले सिमेंट वेगळे आणि नसेच्या तोंडावर ठेवलेला शुद्ध केलेला दाणाभर लगदा वेगळा. इथे तोच क्षार जंतूंना रोखतो आणि पेशींना नवा थर बांधायला प्रवृत्त करतो. अर्थात गोणीतले सिमेंट दातात कधीही चालणार नाही.

हे सगळे कळूनही नुकसान होते, ते बहुतेक आपल्या हलगर्जीपणामुळे. माझ्या नणंदेच्या मुलीची दाढ तात्पुरती भरली होती. दुखणे थांबले, घरात लग्नाची गडबड सुरू झाली आणि पुन्हा जायचे राहून गेले. आठ महिन्यांनी गाल सुजला तेव्हा तात्पुरते सिमेंट निम्मे झिजून गेले होते. दाढ काढावी लागली. सिमेंटने काही बिघडवले नव्हते, फटीने बिघडवले.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. दाढ भरली की "हे तात्पुरते की कायमचे, आणि परत कधी यायचे?" असे विचारा व तारीख कॅलेंडरवर लिहा. पूर्वी एखाद्या औषधाची किंवा भरलेल्या पदार्थाची ॲलर्जी झाली असेल तर आधीच सांगा. थंड पाण्याची झिणझिण काही दिवस राहू शकते. पण रात्री झोपेतून उठवणारा ठणका, सूज किंवा चावताना वाढत जाणारे दुखणे असेल तर थांबू नका. लवंगेचे तेल हिरडीवर ओतू नका, त्याने हिरडी भाजते. लहान मुलांच्या तोंडात तर ते मुळीच घालू नका.

तो मुलगा मागच्या आठवड्यात ठरल्या तारखेला तपासणीला आला होता. दाढ शांत आहे. अम्मींनी या वेळी आणखी तीन प्रश्न विचारले आणि मला बरे वाटले.