वादळी ऋतूतील स्वस्ताई

१ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा मान्य कालखंड. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्यांचा जोर शिगेला पोहोचतो आणि नेमके याच वेळी कॅरिबियन भागातील हॉटेलांचे दर उतरलेले असतात. थंडीला विटलेला अमेरिकी प्रवासी तेथे हिवाळ्यात जातो, हे याचे एक कारण. पण ही सवलत म्हणजे प्रवाशाने पत्करलेल्या जोखमीचा मोबदलाही आहे; हॉटेलमालकांचे औदार्य नव्हे.

प्रवासी ही जोखीम विमा कंपनीवर सोपवू शकतो. मात्र वादळाचे नामकरण होण्यापूर्वीच विमा उतरवलेला हवा. एकदा नाव पडले की ते ‘ज्ञात संकट’ ठरते व सामान्यतः भरपाई मिळत नाही. वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेस असलेली अरुबा, क्युरासाव ही बेटे निवडण्याची मुभाही त्याला असतेच.

बेटावर राबणाऱ्याला अशी निवड नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘डोरियन’ने बहामातील अबाको व ग्रँड बहामा ही बेटे उद्ध्वस्त केली. राजधानी नासाऊ बचावली; तरीही पर्यटकांनी साऱ्या देशाकडेच पाठ फिरवली आणि उरलेली बेटे खुली आहेत, हे तेथील पर्यटन खात्याला जगाला सांगत बसावे लागले. नकाशा न पाहता केलेल्या अशा रद्दबातलीची झळ पोहोचते ती वाढप्याला आणि खोल्या आवरणाऱ्या बाईला. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये सामाईक आपत्ती विमा निधी उभारला, ही मोठीच गोष्ट. परंतु सदस्य देशांच्या विम्याची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. वाढप्याचा बुडालेला रोज त्यातून परत येईलच, असे नाही.