खैरात पुरे, सोबत द्या

रमजानच्या शेवटच्या दिवसांत आमच्या झरीत अपंग पोराच्या दारापुढे गर्दी होते. कुणी साडी देतो, कुणी शिरखुर्म्याचे सामान, कुणी शंभराची नोट. ईदचा चांद दिसला की ही गर्दी अकरा महिने गडप!

त्या अकरा महिन्यांचे काय? प्रमाणपत्रासाठी परभणीला खेटे घालायचे. अर्ज ऑनलाइन भरायचा, तो अम्मीला वाचता येत नाही. बाप सेंटरिंगच्या कामावर. पोराला काखेत घेऊन एसटीत चढायचे, त्या दिवसाची रोजी बुडवायची. इथे जकात कामाची नाही, माणूस लागतो. अर्ज भरणारा, गाडीवरून सोडणारा, तासभर पोराजवळ बसून अम्मीला अंग टेकू देणारा.

मौलवीसाब म्हणतात, आजमाइश आहे, सब्र करा. सब्र आईने करायचा, आणि आम्ही? सूरह अबस आम्ही मकतबात पाठ केली. एका अंधाकडे दुर्लक्ष झाले म्हणून ती उतरली. तेच अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम पुढे मदिनेत अजान देत. त्यांना काम मिळाले, मान मिळाला. आज आमच्या किती मशिदींच्या पायऱ्यांना उतार आहे?

1972 साली मुंबईत मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शाळा काढली. त्यांच्या स्वतःच्या मुलीला तोच आजार होता. सुरुवातीला मुले होती फक्त तीन. आमच्या मोहल्ल्यात तीन मुले निघणार नाहीत काय? निघतील, पण ती घराच्या आतल्या खोलीत आहेत.

दुसऱ्यांना बोलतो, तर आमचेही सांगतो. आम्ही उर्दू शाळेचे मास्तर. अपंगांच्या शिक्षणाचा धडा बी.एड.च्या परीक्षेपुरता वाचला. एक अम्मी अशा मुलीला घेऊन दाखल्यासाठी आली, तेव्हा आम्ही म्हणालो, "आपा, इसकू परभनी के स्पेशल स्कूल में डालो ना." रोज कोण नेणार, हे विचारले नाही. 2016 चा कायदा सांगतो, निदान 40 टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. विशेष शाळा हवी की नको, ते त्यांनी ठरवायचे. आम्ही कोण?

ती अम्मी पुन्हा आली नाही. आता हजेरीपट घेऊन तिच्या दारी आम्हालाच जायचे आहे, आणि येत्या रविवारी सोबत कोण कोण येतो ते सांगा.