लढाईला जमीन हवी

मराठीत 2018च्या ‘फर्जंद’पासून शिवकालीन युद्धपटांची रांग लागली आहे. पगडीचा घाट चुकला, संवादात आजचा शब्द आला की आपल्याकडे वाद पेटतो, आणि तो पेटायलाही हवा. पण लढाई चालू असताना शत्रू कुठल्या अंगाने येतो आहे, वाट कुठे अडवली आहे, गड कोणत्या दिशेला आहे, हे प्रेक्षकाला कळतं का, यावर सहसा कुणी अवाक्षर काढत नाही. माझ्या मते इतिहासाशी इमान राखण्याचा हाही तितकाच मोठा भाग आहे. मराठे डोंगर, घाट, खिंडी यांच्या बळावर लढले. ती जमीनच पडद्यावर उमटली नाही, तर उरतो फक्त तलवारींचा खणखणाट.

पावनखिंडीचंच पाहा. जुलै 1660. शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघालेले, पाठीवर सिद्दी जौहरची फौज, पुढे विशाळगडालाही सुर्वे-दळव्यांचा वेढा, आणि मधल्या अरुंद खिंडीत बाजीप्रभू. मागे शत्रू, मध्ये खिंड, पुढे गड, एवढी ही रचना स्वच्छ आहे. महाराजांची तुकडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाताना एकदा दाखवली, की पाठलाग डावीकडूनच यायला हवा, बाजीप्रभूंचं तोंड डावीकडे हवं आणि गड त्यांच्या पाठीशी, उजवीकडे. त्यासाठी कॅमेऱ्याने या रेषेच्या एकाच बाजूला राहायचं. 180 अंशांचा नियम म्हणतात तो हाच. कॅमेरा काही कळू न देता पलीकडे गेला, तर पुढच्याच शॉटमध्ये बाजीप्रभू गडाकडे तोंड करून लढताना दिसतात आणि चालून येणारी फौज माघार घेतल्यासारखी वाटते. मग संकलकाच्या हाती झटपट कट आणि पात्यांचे क्लोजअप एवढंच उरतं. सर्वांत मोठं नुकसान होतं ते विशाळगडावरच्या तोफांच्या इशाऱ्याचं. ज्या बाजूला वळून पाहायची त्या वीराला सवड नाही, नेमका तिथून तो आवाज यायचा असतो. दिशा आधीपासून प्रेक्षकाच्या मनात रुजलेली असेल, तरच तो काळजात उतरतो. नाहीतर तो ध्वनिपट्टीवरचा आणखी एक धडाका ठरतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. खऱ्या रणात गोंधळच असतो, सैनिकाला कुठे काय कळतं, मग प्रेक्षकाला तरी का कळावं? या आक्षेपाला अकिरा कुरोसावांनी 1954मध्येच ‘सेव्हन सामुराय’मधून उत्तर दिलं आहे. तिथे सामुरायांचा म्होरक्या काम्बेई लढाईच्या कितीतरी आधी गावाचा नकाशा उलगडतो. एकीकडे कुंपण, दुसरीकडे शेतांत सोडलेलं पाणी, मोडायचा पूल, आणि उत्तरेची वाट मुद्दाम मोकळी, शत्रूला थोडा थोडा आत घेऊन कोंडण्यासाठी. शेवटची लढाई मुसळधार पावसात आणि चिखलात होते, कुरोसावांनी ती एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपली आहे, तरी आपण गावात वाट चुकत नाही. गोंधळ त्या माणसांचा असतो. आपल्याला गाव ठाऊक असल्यामुळेच त्या गोंधळाची किंमत कळते. वेगाचंही तेच. जॉर्ज मिलर यांच्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मध्ये (2015) कटांचा नुसता मारा आहे, पण महत्त्वाची गोष्ट प्रत्येक चौकटीच्या मध्याशी धरल्यामुळे डोळ्याला ती शोधावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यासुजिरो ओझूंनी 180 अंशांचा नियम आयुष्यभर मोडला, ‘टोकियो स्टोरी’तली (1953) माणसं बोलताना जवळजवळ थेट कॅमेऱ्याकडे पाहतात, आणि तरी तो चित्रपट जगातल्या श्रेष्ठ कृतींत मोडतो. हे खरं आहे, आणि म्हणूनच नियमाची पोथी करण्यात मला रस नाही. पण ओझूंनी नियम मोडताना प्रेक्षकाला दुसरा आधार दिला होता. कॅमेरा जमिनीलगत, बहुधा हलणारच नाही असा, आणि त्याच खोल्या, तेच दरवाजे पुन्हा पुन्हा. घर आपल्या अंगवळणी पडतं. त्यांचा दाखला देऊन विस्कळीत युद्धदृश्याचं समर्थन होत नाही.

उरला पैशाचा मुद्दा. मराठी निर्मात्याकडे हजारोंची फौज नसते, म्हणून कॅमेरा जवळ न्यावा लागतो, असं सांगितलं जातं. ही अडचण खरी आहे, पण खिंडीच्या लढाईला ती सर्वांत कमी लागू पडते, कारण खिंडीत एका वेळी मोजकीच माणसं समोरासमोर येऊ शकतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (2014) कॅमेरा लांब आणि स्थिर ठेवून न्यायालयाची खोली किती बोलकी होते ते दाखवलं, आणि तो काही मोठ्या खर्चाचा चित्रपट नव्हता. काम्बेईच्या नकाशाच्या दृश्याला तरी काय लागलं? चार माणसं आणि एक कागद. तसा एक प्रसंग आपल्या मावळ्यांनाही मिळावा, आणि पहिला वार होण्याआधी वरच्या कड्यावरून खिंडीची दोन्ही तोंडं दाखवणारा एक शॉट पडद्यावर सावकाश थांबावा.