आरक्षणाच्या गावाखालची माती

जालना, प्रतिनिधी : ऑगस्ट २०२३ मधील मनोज जरांगे यांच्या उपोषणाने अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीचे नाव देशभर पोहोचले. त्यानिमित्ताने शेतीच्या दुरवस्थेची चर्चा झाली. शेतीचा आधार असलेली माती मात्र दुर्लक्षितच राहिली.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण ऊन-पावसाने झिजून त्याचा मुरूम झाला, मुरमाची काळी माती झाली. माळावरची माती ओढ्यांनी खाली आणली आणि गोदावरीने काठावर गाळाचे थर रचले. म्हणूनच माळरान उथळ आणि नदीकाठ कसदार आहे. इंचभर माती तयार होण्यास शतके लागतात. उतारावरील उघड्या शेतातून ती मोजक्या पावसाळ्यांत वाहून जाते.

१९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याने जालना-परभणीला पाणी दिले; पण धरणाने वरून येणारा गाळ आणि वाळूही अडवली. परिणामी खालच्या पात्रातून उपसलेली वाळू पूर्वीसारखी भरून येत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना जलाशयांतील गाळ शेतात परत नेते. हा उपाय स्तुत्य आहे, परंतु तो माती वाहून गेल्यानंतरचा आहे. बांधबंदिस्ती आणि वाळूउपशावरील नियंत्रण हेच पहिले पाऊल ठरावे. अन्यथा उद्याच्या पिढीला हक्क मिळाले तरी कसण्याजोगी जमीन उरणार नाही.