मेरनेइथचें स्थान

इ. स. 1900 मध्यें फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुराणवस्तुसंशोधकानें ईजिप्तांतील अबायडॉस येथें प्राचीन राजांच्या दफनभूमींत एक कबर उकरली. शिलास्तंभावर नांव होतें मेरनेइथ. बांधणी शेजारच्या राजांच्या कबरींच्या तोडीची, भोंवतीं सेवकांच्या चाळीसएक कबरी; तेव्हां हा पहिल्या राजवंशांतील कोणी राजाच असला पाहिजे, असा पेट्रीसाहेबांनीं निर्णय दिला. पुढें ध्यानांत आलें कीं, नेइथ देवीची लाडकी अशा अर्थाचें हें नांव स्त्रीचें आहे. झालें! कबर तीच, स्तंभ तोच. परंतु राजा पायउतार झाला आणि त्याच्या जागीं कोणाची तरी पत्नी, कोणाची तरी आई येऊन बसली.

आमचा आक्षेप आहे तो या 'झालें'वर. नव्या पुराव्यानें मत बदलणें हा पंडिताचा गुण होय. येथें नवें कळलें तें मृताचें लिंग. त्याचा अधिकार किती होता याविषयींचा पुरावा तिळमात्र हालला नव्हता.

प्रतिपक्षाजवळ कांहींच नाहीं असें नव्हे. त्या काळच्या राजांचें नांव राजवाड्याच्या आकाराच्या चौकटींत कोरीत व वर होरस देवाचा ससाणा बसवीत. मेरनेइथच्या स्तंभावर ही चौकट नाहीं. 1985 मध्यें जर्मन संशोधकांना डेन राजाच्या कबरींत मुद्रेचे ठसे मिळाले. त्यांत नार्मर, आहा, जेर, जेत, डेन हीं राजांचीं नांवें असून त्यांच्या पंक्तींत 'राजमाता मेरनेइथ' आहे. पुढें काआ राजाच्या मुद्रेवर तशीच यादी आढळली. तींत मात्र ती नाहीं. तेव्हां तिला निःशंकपणें जगांतील पहिली राज्यकर्ती स्त्री म्हणून मिरविणारे हौशी लेखकही आम्हांस मान्य नाहींत.

परंतु 'राजमाता' शब्द उच्चारला कीं प्रश्न मिटला, असें मानणारांस आम्ही विचारतों: नार्मरला आई नव्हती काय? आहाला, जेरला, जेतला नव्हती? मग त्या मुद्रेवर एकाच आईचें नांव कां? (मुद्रा कोरणारा कारागीर कांहीं स्त्रीदाक्षिण्य दाखवीत बसला नसेल.) जेतच्या मागें डेन अल्पवयी होता व राज्यकारभार तिनेंच हांकला, हा तर्क आज बहुतेक विद्वानांना पटतो. तोच सर्वांत सरळ आहे. पण तो मान्य करूनही हे लोक 'केवळ पालक' असें लिहितात. त्या 'केवळ'ला आधार कोणता? राजांच्या दफनभूमींत, राजांच्या तोलाची, सेवकांसह कबर केवळ आईपणाबद्दल मिळत असती, तर पहिल्या राजवंशाच्या प्रत्येक राजाच्या आईची कबर तेथें त्यांच्या शेजारीं सांपडावयास हवी होती.

राजांच्या यादींत तिचें नांव छापावें. चौकट न घालतां, बिरुदासकट. डेनची मुद्रा कोरणारानें तसेंच केलें होतें.