पाच नि सात सत्तावन्न!

हिशेब यंत्राकडे सोपवला म्हणजे डोक्याची कटकट गेली, असे पुष्कळांना वाटते. वाटू द्या बापडे! १९९१ साली गिदो व्हान रॉसम या डच गृहस्थाने पायथॉन नावाची संगणकभाषा लोकांपुढे ठेवली. आज ती कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी आहे. तिला पाच आणि सात टंकून द्या, बेरीज मागा. ती खुशाल सांगते, सत्तावन्न!

भिवंडीहून वाड्याकडे जाताना अंबाडी लागते. तिथून वज्रेश्वरीचा फाटा फुटतो. भोवती भातशेती. समजा, तिथला एक नातू आजोबांच्या भाताचा हिशेब मांडतो आहे. एक गोणी ४० किलो, दुसरी ३८. उत्तर आले ४०३८.

"अरे, दोन गोण्यांत एवढे भात मावले असते, तर तुझ्या बापाला नोकरी कशाला धरावी लागली असती?" आजोबा म्हणणारच.

यात यंत्राचा दोष नाही. 'इनपुट' जे आणून देते ते निव्वळ अक्षरे असतात, आणि अक्षरे एकापुढे एक जोडली जातात. त्यांना 'इंट'च्या दारातून आत घेतले, की ती संख्या होतात. अपूर्णांक असला तर दार 'फ्लोट'चे.

४०३८ पाहून निदान हसू तरी येते. खरा घात मुकाट्याने होतो. एक व्यापारी गोणीला ९५० देतो, दुसरा १०५०. अक्षरेच राहिली, तर यंत्र पहिला आकडा पाहते, नऊ एकाहून मोठा ठरवते आणि ९५० वाल्याला माल द्या म्हणते. वीस गोण्यांवर दोन हजार रुपये गेले, आणि तक्रारीचा एक शब्दही नाही!

एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. आपले देवनागरी आकडे 'इंट'ला चालतात. '१२०' लिहा, बिनतक्रार घेते. पण '१,२०,०००' असे स्वल्पविराम दिलेत, की अडून बसते. ते आधी काढावे लागतात. आणि 'प्रिंट' उत्तर छापते ते इंग्रजी आकड्यांतच.

पैशांचे आणखी निराळे. यंत्र दोनाच्या पटीत मोजते. त्यामुळे पाव, अर्धा, पाऊण त्याला अचूक कळतात. पावकी-निमकी पाठ असलेल्या आजोबांशी त्याचे छान जमावे. रुपयाचा सोळावा हिस्सा, म्हणजे आणा, तोही बिनचूक. पण १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि शंभरावा हिस्सा 'फ्लोट'ला नेमका धरता येत नाही. ०.१ मध्ये ०.२ मिळवून पाहा : तीनापुढे पंधरा शून्ये आणि शेवटी एक आगाऊ चार छापून येतो. जाणते लोक म्हणून रुपये मोजतच नाहीत. सगळी रक्कम पैशांत करून 'इंट'मध्ये घालतात, आणि छापताना तेवढी शंभराने भागतात.