काचेतल्या पाण्याचा हिशेब

ओसाड वास्तूंची छायाचित्रे काढत हिंडणाऱ्या मंडळींची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. बंद पडलेल्या गिरण्या, ओस चित्रपटगृहे, कुलूपबंद वाडे अशा जागी शिरायचे, भिंतीवरच्या ओलीची आणि खिडकीतून आत आलेल्या पिंपळाची देखणी चित्रे टिपायची, आणि खाली काळाच्या महिम्यावर दोन हळव्या ओळी लिहायच्या, असा हा छंद. आम्हीही त्यातलेच. तेव्हा पुढे जे लिहिणार आहोत ते परक्यांवरचे ताशेरे नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे.

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या मुलखात, एका तालुक्याच्या गावी, शोभेच्या माशांचे आणि बागेतल्या हौदांचे एक बंद दुकान पाहण्याचा योग आला. शेजारच्या चहावाल्याकडे किल्ली होती. दुकान कधी बंद झाले, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "वाढवलं ते वाढवलंच, भाऊ." मराठीत दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. ज्या शब्दात उद्या पुन्हा उघडण्याचे गृहीत आहे, त्याच शब्दात त्याने ते दुकान कायमचे मिटवून टाकले. आम्ही तिथेच ओशाळायला हवे होते. पण आमच्या हातात कॅमेरे होते.

आत तिन्ही भिंतींना लोखंडी घोडे आणि त्यांवर रिकाम्या काचेच्या पेट्या. पाणी आटत गेले तसे काचेवर क्षाराचे पांढरे थर एकाखाली एक उमटलेले होते. तळाशी निळी-गुलाबी रंगीत खडी, प्लॅस्टिकचा किल्ला, झाकण उघडमीट करणारा खजिन्याचा पेटारा. एअर पंपाच्या नळ्या कडक होऊन तुटल्या होत्या. मागच्या उघड्या चौकात फायबरचे तयार हौद पालथे पडलेले, एकात पावसाचे पाणी साचून वाळलेले, आणि कोपऱ्यात कारंज्याचा एक गणपती, ज्याच्या सोंडेतून पाणी पडावयाचे होते. दृश्य खरोखर सुंदर होते. आमच्या तक्रारीचा विषय हे सौंदर्यच आहे.

कारण त्या पांढऱ्या रेघा म्हणजे काही काळाची मुद्रा नव्हे. त्या त्या मुलखाच्या पाण्याच्या आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातला हा सारा खारपाणपट्टा. विहिरीला आणि बोअरला लागते ते पाणी खारट. माणसांना ते पिववत नाही, मूत्रपिंडाच्या विकारांशी त्याचे नाव जोडले जाते. अशा पाण्यावर माशांचे दुकान चालवणे हा व्यवसाय कमी आणि रसायनशास्त्राशी रोजची झटापट अधिक. ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला निऑन टेट्रा इथे तग धरणे कठीण. मॉली मात्र खारटपणा सोसते, म्हणून तीच विकायची. नळाचे पाणी गोडे, पण त्यात निर्जंतुकीकरणाचा क्लोरीन. तो उडून जावा म्हणून पाणी उघडे ठेवायचे, तर ते पाणीच मुळात किती दिवसांआड येणार! आणि गिऱ्हाईक घरी नेऊन काय करते? आठवड्याने पेटी रिकामी करून, घासूनपुसून लख्ख करते. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या खडीत आणि फिल्टरमध्येच असतात. ते धुऊन गेले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पोट वर करून तरंगतात, आणि दोष दुकानदाराच्या मालाला लागतो.

भारनियमनाची गोष्ट निराळीच. विदर्भात 2005 ते 2010च्या सुमारास तासन्‌तास वीज जात असे, तो काळ आठवा. दाटीने भरलेल्या पेटीचा पंप बंद पडला की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड वासतात, आणि मग हाताने पाणी ढवळत बसणे एवढाच इलाज उरतो. चहावाल्याने सांगितले की दुकानदाराची बायको आणि मुलगा दोघे मिळून दिव्याच्या उजेडात मगाने पाणी वरून खाली ओतत बसायचे. पडीक जागेच्या कोणत्याही छायाचित्रात हे दिसत नाही, दिसणारही नाही.

मुंबई–हावडा लोहमार्ग या जिल्ह्यातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो. शोभेच्या माशांचे देशातले मोठे केंद्र कोलकाता. तिथल्या गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार प्रसिद्ध आहे. एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू भरून रबराने आवळलेल्या पिशव्यांतून या मार्गाने एक अख्खा जिवंत व्यापार वाहत असतो, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही नव्हते.

आता या दुकानाची दुसरी बाजू. आम्ही दुकानदाराला केवळ बिचारा ठरवून मोकळे होणार नाही. त्या पालथ्या हौदांपैकी एक आम्ही पावलांनी मोजला: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दीड फूट खोल. म्हणजे अडीच हजार लिटर. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात माणशी वीस लिटरचा निकष धरतात. त्या हिशेबाने तो हौद भरणे म्हणजे सव्वाशे माणसांचे एका दिवसाचे पाणी. वैशाखात रोज एक सेंटिमीटर वाफ धरली, तरी पन्नासेक लिटर पाणी नुसते हवेत जाणार. ज्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात टँकरची बातमी असते, तिथे बंगल्याच्या अंगणात कमळे आणि कोई कार्प असावेत या हौसेला आम्ही निरुपद्रवी म्हणू शकत नाही. दुकानदाराने ती निर्माण केली नाही, पण तिच्यावर तो जगत होता.

आणि मासे? ते कुठे गेले, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पहिला अर्धा तास सुचला नाही. शोभेचा मासा या मुलखात प्रथम दुकानदाराने आणला असेही नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याने हौद-डबक्यांतून सोडलेला गप्पी मासा खेड्यापाड्यांत ठाऊक आहे. (हे नाव गप्पांवरून आले असावे अशी आमची लहानपणी खात्री होती. वस्तुतः ते त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या एका निसर्ग-अभ्यासकाचे आडनाव.) तो दक्षिण अमेरिकेकडचा. तिथलाच दुसरा पाहुणा म्हणजे काचेवरचे शेवाळ खातो म्हणून पेटीत ठेवतात तो सकर. तो बोटाएवढा विकत घेतात आणि हातभर झाला की पेटीत मावत नाही. मारवत नाही, म्हणून लोक पुण्यकर्म समजून तो तळ्यात सोडतात. उजनीच्या जलाशयातल्या मच्छीमारांना विचारा, त्या पुण्याचे फळ काय ते. काटेरी पाठीचा हा मासा जाळी फाडतो, आणि त्याला बाजारात कोणी विचारत नाही. दुकानाला कुलूप लागले म्हणून दुकान संपत नाही. त्याचा माल कुठल्या तरी पाण्यात वाढत राहतो. चहावाल्याला आम्ही अखेर विचारले, तर तो म्हणाला, काही लोकांनी नेले, काही मेले, "अन् मोठे होते ते सोडले त्याहीनं." कुठे, ते त्याने सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी घाट चढून आम्ही सिंदखेडराजाला गेलो. जिजाऊंचे जन्मगाव म्हणून तिथे येणारे बहुतेक लोक लखुजी जाधवांचा राजवाडा पाहून परततात. आम्हाला मोती तलाव, पुतळा बारव आणि चांदणी तलाव पाहायचे होते. चांदणी तलावाच्या मधोमध एक तीनमजली इमारत उभी आहे. पाण्याच्या मध्यभागी बसून पाणी पाहावे, ही हौस बंगल्याच्या अंगणातल्या हौदाहून जातीने वेगळी नाही, मापाने वेगळी आहे. इथे मात्र आमचे मन निःशंकपणे भारावले. इथे कोणाचे देणे थकलेले नव्हते, कोणी मगाने पाणी ओतत बसलेले आम्हाला माहीत नव्हते. अर्थात तलावाचा गाळ कोणी उपसला, आणि दुष्काळात त्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा होता, हे प्रश्न तिथेही होतेच. चारशे वर्षांच्या अंतराने ते आमच्यापुरते माफ केले होते, इतकेच. आमचे म्हणणे एवढेच की ही माफी चारपाच वर्षांपूर्वी वाढवलेल्या दुकानाला परस्पर लागू करू नये. भग्नावशेष म्हणजे ज्याचे धनको आणि ऋणको दोघेही गेले ते. इथे दोघेही हयात आहेत.

कारण दुकानाच्या गल्ल्यात उधारीची वही होती. आमच्यातल्या एकाने ती उघडून पहिल्या पानाचा फोटो काढला. ओलीने पसरलेली निळी शाई, सुरेख वळणाचे अक्षर आणि त्यात गावातल्या माणसांची नावे. तो फोटो आमच्या सगळ्या चित्रांत उत्तम आला होता. पुष्कळ वादानंतर तो पुसून टाकला. ज्याने काढला तो मित्र अजून रुष्ट आहे, आणि कलेच्या बाजूने त्याने केलेला युक्तिवाद आम्हाला पुरता खोडता आलेला नाही.

किल्ली परत देताना चहा घेतला. टपरीच्या फळीवर एक दोन फुटी काचेची पेटी होती. तिच्या कडांना सिलिकॉनची रेघ आणि पंपाची नळी जाण्यासाठी झाकणाला पाडलेले भोक होते. आत खारी आणि टोस्ट भरले होते.